हिब्याचा दिवस

नवाबनं किल्ली जराशी ओढली. हिसकावली असं कुणी म्हणणार नाही. साक्षीला उभे होते ते दोघेही उद्या शपथेवर सांगतील, की पोरानं दोन्ही हात पुढे केले, मान खाली घातली आणि अदबीनं किल्ली घेतली. पण कय्यूमच्या बोटांना ठाऊक होतं. ती सोडायच्या बेतात होती, अजून सोडली नव्हती, आणि तेवढ्यात पलीकडून ओढ आली. एवढंच. मग सगळे ‘मुबारक, मुबारक’ म्हणाले, कुणीतरी खजूर वाटले, आणि अडुसष्ट वर्षांचा कय्यूम कपड्यांची पिशवी आणि तांब्या घेऊन आपल्याच घरातून बाहेर पडला. रस्ता ओलांडून समोर खुशालच्या चहाच्या हॉटेलात बाकावर येऊन बसला, तरी उजव्या हाताच्या दोन बोटांत ती ओढ होतीच. सकाळचे आठ वाजले होते. शहाऐंशी सालचा मार्च. ब्रह्मपुरीच्या एस. टी. स्टँडवरून आरमोरीची गाडी धुरळा उडवत निघून गेली. धुरळा बसला तेव्हा समोर त्याचंच घर होतं, पुढच्या खोलीत त्याचंच दुकान होतं, त्याचीच पाटी होती, आणि दारात त्याचा पुतण्या नवाब उभा राहून आत-बाहेर बघत होता.

ब्रह्मपुरीच्या मुसलमानांत जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. हयातीत कुणाला घर बक्षीस द्यायचं, म्हणजे हिबा करायचा, तर नुसत्या कागदानं भागत नाही. देणाऱ्यानं कब्जा सोडला पाहिजे, आणि सोडला हे चार लोकांना दिसलं पाहिजे. म्हणून देणारा सकाळी कपडेलत्ते घेऊन बाहेर पडतो, घेणाऱ्याच्या हातात किल्ली देतो, आणि सूर्य बुडताना मगरिबची अजान होईपर्यंत त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. अजान झाली की हिबा पक्का; मग तो पाहुणा म्हणून परत यायला मोकळा. त्याआधी आत गेला तर हिबा मोडला, कागद चुलीत घाला. मौलवीसाहेब म्हणत, किताबात दिवसभराचं असं काही नाही, घटकाभर बाहेर थांबलं तरी पुरे. पण घटकाभराचं काम कय्यूमला पटेना. जन्मात त्यानं कुठली शिवण एकेरी मारली नव्हती. लोकांनी पाहावं आणि चांगलं दिवसभर पाहावं असं त्याला वाटत होतं, म्हणून तर त्यानं मुद्दाम बाजाराचा दिवस निवडला होता. आता लोक खरोखरच पाहत होते. भाजीवाल्या बाया, गाडीची वाट बघणारे, कॉलेजची पोरं. एकदोघं येऊन हात मिळवून गेले. आणि तरीही त्याला चोरी करून बसल्यासारखं वाटत होतं, ते का, हे त्याला उमजेना.

घरात तीन पिढ्या कॅनव्हास होता. बाप जंगलखात्याच्या साहेबांचे तंबू शिवायचा. साहेब गेले, तंबू आटले, जीपा आल्या, आणि कय्यूमनं जीपच्या छपराचे हूड शिवायला घेतले. चिमूरपासून गडचिरोलीपर्यंत माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा, ठेकेदारांच्या जीपा, खात्याच्या जीपा, सगळ्या पावसाळ्याआधी त्याच्या दारात येऊन लागत. हूड गळतो तो कोपऱ्यात. तिथं कॅनव्हासचे चार पदर एकावर एक येतात, सुई वाकते, हात दुखतो, शिवणारा घाई करतो, आणि आषाढात पाणी ड्रायव्हरच्या मानेत उतरतं. कय्यूमचा कोपरा गळत नसे. ‘कय्यूमचा कोपरा’ हा त्या पट्ट्यातल्या ड्रायव्हरांच्या बोलण्यातला शब्दच होऊन गेला होता. पक्क्या कामाला म्हणायचे, अरे, कय्यूमचा कोपरा हाय हा. एकदा एका लग्नाच्या बोलणीत कुणीतरी सोयरिकीबद्दल तसं म्हटलं होतं, आणि कय्यूम आठवडाभर ते आठवून आठवून हसत होता. माणूस एरवी कंजूष नव्हता, पण स्वतःचं कौतुक त्यानं कधी वाया जाऊ दिलं नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मेल्यावर आपलं काय राहील हा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला. डावा डोळा चंद्रपूरला कापून आणला, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचेचा चष्मा आला, समोरच्या रस्त्यावरचं स्पष्ट दिसायला लागलं. पण सुईचं नाक मात्र कायमचं गेलं. बसून बसून माणूस विचार करतो. स्टँडवर एका धान व्यापाऱ्यानं बापाच्या नावानं पाणपोई बांधली होती, तिच्यावर संगमरवरात नाव कोरलं होतं. कय्यूम येता-जाता ते नाव वाचायचा. त्या बापाला त्यानं चांगला पाहिला होता. तो आयुष्यात कुणाला फुकट पाणी देणारा नव्हता. पण पाणपोई झाली आणि लोक त्याचं नाव घेऊन पाणी प्यायला लागले. आपल्याकडं पाटी आहे, कय्यूमला वाटायचं. ‘कय्यूम सीट वर्क्स’. पाटीखाली बसायला माणूस मात्र नाही. बायको जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा झालाच नाही. एक मुलगी, जैनब.

जैनबला वरोऱ्याला दिली होती. चार वर्षांनी तिच्या नवऱ्यानं एक पोस्टकार्ड पाठवलं आणि त्यात तीनदा तो शब्द लिहिला. पोस्टकार्डच, साधं पाकीटही नाही; पोस्टमननं वाचलं, गल्लीनं वाचलं, मग कय्यूमनं वाचलं. त्याला अकरा वर्षं झाली. या वर्षी पेपरात रोज तलाकच्या पोटगीवरून रणं माजत होती, मशिदीत लोक हमरीतुमरीवर येत होते, आणि कय्यूम पेपर आला की ते पान काढून दुकानातल्या रद्दीत सारून टाकायचा. जैनबला वाचायला येतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ती रद्दीतून ते पान काढून वाचते हेही ठाऊक होतं. दोघांनीही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. माहेरी परत आल्यावर पहिलं वर्ष ती माडीवरच्या खोलीत नुसती बसून राहिली. मग एक दिवस दुपारी तो जेवून दुकानात आला तर ती पडद्याआडच्या मोठ्या मशीनवर बसली होती. दोऱ्याला मेण लावायची तिची पद्धत त्याच्यासारखीच होती. त्यानं तिला कधी शिकवलं नव्हतं. बापाला पाहत मोठी झाली होती, तेवढंच तिचं शिक्षण. त्यानं पडदा तेवढा नीट ओढला.

‘बसले ना भाऊ,’ खुशाल दुपारचा चहा ठेवत म्हणाला. खुशालचं हॉटेल आणि कय्यूमचं दुकान जवळजवळ तीस वर्षं समोरासमोर. छप्पन साली खुशालच्या बापानं दीक्षा घेतली, त्यानंतर दोन वर्षांनी पोरानं इथं भट्टी मांडली. तेव्हा गावातले बरेच लोक त्याच्या हातचा चहा प्यायला बिचकत, आणि पहिला कप कय्यूमनं प्याला होता. ते खुशाल विसरला नव्हता, आणि कय्यूम तर मुळीच विसरला नव्हता. ‘अर्धा दिवस तं गेला. पण मले एक सांगा, पोरीले विचारलं होतं का?’

‘तिची सोय केली ना गा मी. कागदावर लिहून घेतली. जिंदगीभर माडीवरची खोली अन् दोन टायमाचं जेवण, नवाबनं देणं बंधनकारक.’

‘विचारलं का, असं म्हणून राह्यलो मी.’

‘तिले काय विचारा लागते? तिच्याचसाठी तं चाललं हे.’

खुशालनं फडकं खांद्यावर टाकलं. ‘आमच्यात बी पोरीले हिस्सा हाय. कागदावर हाय, अन् कागदावरच राह्यते,’ तो म्हणाला आणि भट्टीकडं वळला. कय्यूमला त्याचा राग आला. त्या एका कलमावर तो महिनाभर जीव टाकून बसला होता. वकिलाचा मुन्शी बापूराव, त्यानं हिबानामा लिहिला, आणि कय्यूमनं ते कलम त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं. ‘सदर घराच्या माडीवरील खोलीत माझी मुलगी जैनब हिला हयातभर राहू देण्याच्या शर्तीवर.’ कसं भारदस्त वाटायचं ते. बाप असावा तर असा, असं त्या वाक्यातून कुणीतरी म्हणतंय असं त्याला वाटायचं. रात्री जेवताना त्यानं ते जैनबला वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, ‘खुश ना बेटी?’ ती ‘हाव’ म्हणाली होती आणि त्याला आणखी वरण वाढलं होतं.

समोर लहानूची जीप येऊन लागली. लहानू नागभीड-ब्रह्मपुरी सवाऱ्या मारायचा. त्याच्या हुडाचा मागचा कोपरा फाटला होता. नवाबनं पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि कॅनव्हास उतरवून घेतला. आत पडद्याआडून जैनब उठून आलेली कय्यूमला दिसली. तिनं हात पुढे केला, नवाबनं हसून मान हलवली आणि तिला आत जायची खूण केली. त्यानं सकाळीच सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, मोठ्या मनानं, की आता बाईनं आराम करावा, आता तिला शिवायचं काही कारण नाही, घरात पुरुष आला आहे. तेव्हा लोकांनी माना डोलावल्या होत्या. कय्यूमनंही डोलावली होती. पोरगा वाईट नव्हता. भावाच्या माघारी कय्यूमनंच त्याला वाढवलं, त्याचं लग्न केलं. दारू नाही, जुगार नाही, पाच वेळची नमाज. शिवण मात्र त्याच्या हाताला नव्हती. सीटची गादी ठीक भरायचा. कोपऱ्यावर आला की घाम फुटायचा आणि दोन टाके गाळायचा. आता तो लहानूच्या हुडावर वाकला होता आणि चार पदरांत सुई घालून अंगठ्यानं रेटत होता, आणि कय्यूम त्या रेटण्याकडं बघत होता.

अडीचच्या सुमाराला तहसीलीतून बापूराव आला. पांढरा पायजमा, काखेत कागदांचं गाठोडं, तोंडात पान. ‘काय कय्यूमभाई, बसले वनवासाले?’ म्हणून तो शेजारी टेकला आणि चहा बशीत ओतून घेतला.

कय्यूमला जरा बरं वाटलं. ‘ते कलम एकडाव सांग ना गा, काय लिहिलं होतं ते.’

‘कोनतं, पोरीचं?’ बापूराव हसला. ‘त्याचं काय हाय, परवा आमच्या साहेबाईनं कागद पाह्यला. म्हणाले, बापू, तू हे आपल्यातल्या बक्षीसपत्रावानी लिहून ठेवलं. यायच्यात हिब्याले शर्त चालत नाई. हिबा राह्यते अन् शर्त बाद होते.’

‘बाद म्हंजे?’

‘म्हंजे लिहिली नाई असं समजाचं. घर नवाबचं, पुरं. पोरीले ठेवलं तं त्याची मेहरबानी. काढलं तं कोर्ट इचारत नाई.’

‘अन् हे तू मले आता सांगून राह्यला?’

‘मले वाटलं तुमाले मालूम असन. तुमचाच कायदा हाय ना बाप्पा.’ बापूरावच्या आवाजात खोट नव्हती. त्यानं बशी तोंडाला लावली, भुरका मारला आणि सहज बोलावं तसं बोलून गेला, ‘साहेब तं म्हणत होते, म्हातारा काईच न करता मेला असता तं बरं होतं. एकुलती एक पोरगी, अर्धं तिचं आपोआप होतं, अर्धं पुतण्याचं. कागद करून तिचं जे होतं ते बी घालवलं.’

कय्यूमच्या हातातला कप तसाच राहिला. त्याला वाटलं आपण काहीतरी म्हणावं, ओरडावं, या माणसाची गचांडी धरावी. पण त्यानं एवढंच विचारलं, ‘आता?’

‘आता काय? सूर्य बुडाच्या आधी अंदर जाऊन बसा, हिबा मोडते. तुमचीच रीत हाय ना?’ बापूरावनं हात झटकला. ‘स्टॅम्प वाया जाईन, दुसरं काय. चलतो मी, साहेब वाट पाह्यत असन.’ आणि तो गेला. जाताना पानाची पिचकारी रस्त्याच्या कडेला टाकून गेला.

रस्ता वीस पावलांचा. तीस वर्षांत तो रस्ता कय्यूमनं किती वेळा ओलांडला असेल, चहासाठी, सुट्ट्यासाठी, उगीच गप्पांसाठी. आता उठायचं, वीस पावलं टाकायची, आणि आपल्या गादीवर जाऊन बसायचं. बास. एवढंच करायचं आहे. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. मनाशी वाक्य जुळवलं, नवाब, बेटा, कागदात गलती झाली, दुसरा करू. सोपं वाक्य होतं. पोरगा ‘जी चाचा’ म्हणेल. रडेलही कदाचित. पण लोक? आज बाजार. सकाळपासून अर्ध्या गावानं हात मिळवले, मोठं दिल केलं म्हणाले. आणि तीन वाजता म्हातारा उठून परत घरात शिरला, म्हणजे उद्या स्टँडवर काय बोलतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. दिलं अन् काढून घेतलं. दुपारच्या उन्हानं मन फिरलं बुढ्याचं. गुडघे दुखतात म्हणून तो थोडा वेळ तसाच बसला. गुडघे खरोखरच दुखत होते, पण तेवढ्यासाठी तो बसला नव्हता, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

त्याला एक जुनी दुपार आठवली. चार वर्षांपूर्वीची. डोळे नुकतेच गढूळ व्हायला लागले होते आणि खात्याच्या तीन जीपा एकदम आल्या होत्या. त्यानं एक कोपरा शिवला. सकाळी उन्हात पाहिला तर टाके इकडून तिकडे, शेजारच्या शिंप्याच्या पोरानं शिवल्यासारखे. तो हूड तसाच टाकून नमाजेला गेला. परत आला तर कोपरा उसवून पुन्हा शिवलेला होता. पक्का, सरळ, दुहेरी, मेणाचा दोरा आत बसलेला. पडद्याआड मशीन बंद होतं आणि जैनब तांदूळ निवडत होती. पुढच्या आठवड्यात रेंजरसाहेब आले, कोपऱ्यावर बोट फिरवून म्हणाले, ‘कय्यूमभाई, हात अजून तोच आहे हो.’ कय्यूमनं मान झुकवून सलाम केला. पडदा हलला नाही. तेव्हापासून चार वर्षं, एकूण एक कोपरा. गढूळ डोळ्यांनी आणि मग एका कापलेल्या डोळ्यानं तो पुढे गादीवर बसून मापं घेत राहिला, गिऱ्हाइकांशी बोलत राहिला, आणि कौतुक आलं की ते स्वीकारत राहिला. जैनबनं कधी एका शब्दानं म्हटलं नाही. तिनं म्हणावं असं त्याला वाटायचं आणि म्हटलं असतं तर तो चिडला असता. मुलीनं गाड्यांच्या चाकाखाली शिरायचं, ड्रायव्हरांच्या तोंडी लागायचं का, हे त्यानं नवाबला वारस करताना सगळ्यांना सांगितलं होतं. लोकांना ते पटलं होतं. चार वर्षांचे कोपरे कुणी शिवले हे लोकांना कुठं ठाऊक होतं!

उन्हं कलली तेव्हा जैनब रस्ता ओलांडून आली. हॉटेलात ती कधी येत नसे. डोक्यावरची ओढणी दाताखाली धरलेली, हातात काही नाही. खुशालनं तिला पाहिलं आणि उगीचच आतल्या बाजूला जाऊन कपबशा विसळायला लागला.

त्यांच्या घरात हिंदी, बाजारात झाडीची बोली, आणि मनातलं बोलायचं असलं की दोन्हीची खिचडी. ‘अब्बा, घरी चला,’ ती म्हणाली.

‘मगरिब व्हाची हाय अजून.’

‘म्हणूनच. आताच चला. बापूरावनं सांगतलं ना तुमाले? मी खिडकीतून पाह्यत होती. तुमचा कप हातातच राह्यला, तवाच समजली मी.’

‘तुले मालूम होतं?’

‘हाव. महिना झाला. मौलवीसाहेबाच्या घरी जाऊन बीबीले विचारलं होतं.’

‘मग सांगतलं काऊन नाई?’

‘तुमी विचारलं कुठी? तुमी वाचून दाखवलं अन् म्हणाले, खुश ना बेटी.’ तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर त्याला उत्तर सुचलं असतं. ‘मले वाटलं, अब्बाले माहीत असन. मले वाटलं, माहीत असूनच करून राह्यले. आता पाह्यलं, तुमाले माहीत नोतं. म्हणून आली. चला.’

‘नवाब काय तुले काढणार हाय का? माझ्या हाताखाली वाढला तो.’

‘वरोऱ्याच्या घरी बी मले कोणी काढणार नोतं, अब्बा.’

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. दोन भाजीवाल्या टोपल्या आवरता आवरता त्यांच्याकडंच बघत होत्या. पानटपरीवर साक्षीतला एक जण उभा होता. जैनबनं हात पुढे केला, तिचा उजवा हात, तर्जनीवर सुईच्या मागच्या टोकानं पडलेला घट्टा. ‘वीस पावलं हाय. हात द्या.’

‘लोक पाह्यून राह्यले,’ कय्यूम खालच्या आवाजात म्हणाला. ‘जा अंदर.’

ती एकदम गेली नाही. क्षणभर तिचा हात तसाच होता. मग तिनं ओढणी सारखी केली आणि रस्ता बघून, दोन्ही बाजूंनी नीट बघून, परत गेली. आपण हे काय केलं, असं कय्यूमला स्पष्ट, शब्दांत वाटलं. अजून वेळ आहे, सूर्य स्टँडच्या टिनांच्या वर आहे, अजून जाता येतं. तो उठला. खरंच उठून उभा राहिला. पिशवी उचलली.

‘कय्यूमभाई!’ लहानू जीपमधून उतरून येत होता. ‘निंघाले का? बसा ना, बसा. पाह्यलं का तुमच्या नवाबनं काय केलं ते? दोन तास घातले, अन् कोपरा पाहा, बोट जाते अंदर.’ त्यानं हुडाकडं हात केला आणि मान हलवली. ‘आदमी चांगला हाय तो. पण तुमच्या हाताची बात त्याच्यात नाई, खरं सांगतो. कय्यूमचा कोपरा आता कुठचा? गेला तो जमाना.’

आणि कय्यूमला आनंद झाला. छातीत ऊबदार काहीतरी पसरलं, चांगलं गोड, आणि ते पसरल्यावर मग त्याला कळलं की आपल्याला कशाचा आनंद झाला आहे. त्यानं ते ओळखलं तसा तो हळूच बाकावर बसला. दुकान जैनबला मिळालं असतं, तर पडदा निघाला असता. महिनाभरात ड्रायव्हरांना कळलं असतं कोपरे कुणाचे. कोपरे गळले नसते, कधीच गळले नसते, आणि लोक म्हणाले असते, अरे, म्हणजे हात पोरीचा होता. नवाबचे कोपरे गळतील. दर पावसाळ्यात ड्रायव्हरांच्या मानेत पाणी उतरेल आणि दर पावसाळ्यात ते म्हणतील, कय्यूमचा हात वेगळाच होता. पाटी राहील, नाव राहील, नाव वाढेल. त्यासाठी त्याला असाच वारस हवा होता, आणि हे त्याला आतून कुठंतरी पहिल्यापासून ठाऊक होतं. पुरुष वारस, खानदान, चाकाखालची कामं, ही सगळी वरून चढवलेली गवसणी होती. त्याला स्वतःची किळस आली. माणसाला स्वतःची किळस आली की तो उठून काहीतरी करतो असं त्याला आजवर वाटायचं. तो बसूनच राहिला. लहानूला म्हणाला, ‘शिकन हळूहळू. माझे बी सुरवातीले गळत होते.’ हे खोटं होतं, आणि लहानूला ते फार आवडलं. त्यानं ते जाऊन दोघांना सांगितलंही. बुढ्याचं दिल पाहा, म्हणाला.

सूर्य टिनांच्या मागं गेला. खुशाल बाहेर येऊन त्याच्याजवळ उभा राहिला. समोर एक हातगाडी येऊन थांबली. नवाबची बायको खुर्शीदा, पोरं, बोचकी, पितळेची भांडी, लोखंडी पलंगाच्या पट्ट्या. नवाब एकेक वस्तू उचलून आत नेत होता आणि आतून पलंगाचे आवाज येत होते. माडीवरच्या खिडकीत कुणी नव्हतं. मशिदीच्या भोंग्याची खरखर सुरू झाली. कय्यूमनं मनात म्हटलं, आत्ता. अजून शब्द फुटला नाही, आत्ता उठलास तरी चालेल. मुअज्जिन खाकरला. मग ‘अल्लाहु अकबर’ आलं, चांगलं लांब, सगळ्या बाजारावरून, आणि पानटपरीवरच्या साक्षीदारानं तिथूनच हात वर करून कय्यूमला मुबारक दिलं.

नमाज पढून तो आला तेव्हा दुकानात दिवा लागला होता. नवाब धावत दारात आला. ‘या चाचा, या, बसा ना,’ म्हणाला आणि गिऱ्हाइकांसाठी होता त्या बाकावर त्याला हात धरून बसवलं. गादीवर नवाबचा थोरला झोपला होता. आत चूल पेटली होती, खुर्शीदा पोरांवर ओरडत होती आणि आपले डबे फळीवर मांडत होती. पूर्वीचे डबे खाली जमिनीवर ओळीनं काढून ठेवले होते. जैनब माडीवरून खाली आली. बापाकडं तिनं पाहिलं, नीट पाहिलं, आणि चुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. चौकटीच्या आत गेली नाही. हातात तांदळाचं सूप होतं.

‘भाभी,’ ती म्हणाली, ‘भात मांडून राह्यली ना? आमचं दोघाईचं टाकू का?’

खुर्शीदा गोंधळली. तिनं नवाबकडं पाहिलं. नवाब कडी-कोयंडा तपासत होता, तो तपासतच राहिला. खुर्शीदा वाईट नव्हती, लाजरी होती, आणि तिला मनापासून चांगलंच उत्तर द्यायचं होतं.

‘टाका ना बाई,’ खुर्शीदा म्हणाली. ‘आजच्या दिवस काय होते.’

जैनबनं बापाच्या वाटणीचे तांदूळ मुठीनं मोजून घेतले, आणि मग स्वतःच्या वाटणीचे.